ओलिसाचा मान

सेनाख गढीत येऊन राहिला त्याला आता इतके दिवस झाले होते, की कुत्र्यांनी त्याच्यावर भुंकणं सोडून दिलं होतं. तो थोरल्या राजाचा, इल्लानचा, न्यायशास्त्री. जेवायचा हळू, बोलायचा त्याहून हळू. पण ज्या कामासाठी आला होता ते त्याने पहिल्याच संध्याकाळी एका दमात सांगून टाकलं होतं. या गढीचा राजा फेरादाख, त्याने दिलेला ओलीस मेला आहे, तेव्हा दुसरा द्यावा. आणि या खेपेला पुतण्या नको, पोटचा मुलगा हवा.

मेलेला ओलीस म्हणजे फेरादाखच्या धाकट्या भावाचा, ब्रेसलचा, एकुलता एक मुलगा कोनला. गेल्या हिवाळ्यात इल्लानच्या गढीवर तो घोड्यावरून पडून गेला. घोडा त्याचा स्वतःचाच होता, त्यामुळे कायद्याने कुणाकडे भरपाई मागायची सोय नव्हती. इल्लानने सांत्वनाला एक मेणबत्ती पाठवली. चांगली जाड, मधमाश्यांच्या मेणाची.

फेरादाखला मुलगे दोन. थोरल्या बायकोचा, डेर्वलचा, कोलगू. आणि दुसऱ्या बायकोचा, लासरचा, एरनान. आज सगळ्यांना बैठकीच्या घरात बोलावलं होतं. चुलाणात दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या विटा धुमसत होत्या आणि धूर, नेहमीप्रमाणे, छपराच्या भोकाकडे न जाता माणसांकडे जात होता.

"कोलगूला पाठवायला माझी ना नाही," डेर्वल म्हणाली. ती तळ्यांच्या मुलखाच्या राजाची लेक होती आणि नाही म्हणायची सुरुवात ती नेहमी ना नाहीपासून करायची. "पण शास्त्रीबुवा, तुम्हीच बघा. त्याची छाती. दर थंडीत घरघरते. तुमच्याकडे नदीकाठची ओली हवा. वर्षभरात तुम्हाला पुन्हा हेलपाटा पडायचा."

कोलगू समोरच बसून जवाची भाकरी मोडत होता. आठवड्यापूर्वी त्याने एकट्याने रानडुक्कर मारलं होतं. सेनाख या क्षणी खात होता ते तेच डुक्कर.

"थोरल्या बाईंचं खरं आहे," लासर म्हणाली. "छाती म्हणजे काही खेळ नाही. पण माझ्या एरनानला नेऊन तरी तुम्हाला काय मिळणार? मी दुसरी. माझा बाप गाईवाला, राजा नव्हे. इल्लान महाराजांना वाटेल, आपल्या पानात उष्टं वाढलं. शिवाय तो तोतरा आहे."

"मी तोतरा नाही," एरनान म्हणाला.

"घाबरलास की होतोस."

"मी घाबरत नाही."

"बघा, समजही कमीच आहे," लासर सेनाखला म्हणाली.

डेर्वलने मान हलवली. "तोतरेपणाला औषध आहे. जिभेखाली मध. छातीला काही नाही. आणि कोलगूला सकाळी उठवायला दोन माणसं लागतात. खरं सांगायचं तर आळशी आहे. महाराजांच्या घरी असा मुलगा पाठवायची मला लाज वाटते."

"एरनान खोटं बोलतो," लासर म्हणाली.

"कोलगू झोपेत बोलतो. घरातली गुपितं सांगेल."

दोन्ही मुलं एकमेकांकडे बघत होती. दोघं वेगवेगळ्या घरी वाढले होते. आमच्याकडे मुलगा सात वर्षांचा झाला की दुसऱ्याच्या घरी वाढायला जातो आणि मिसरूड फुटल्यावर परत येतो, त्यामुळे आयांची आपल्याबद्दल नक्की काय मतं आहेत हे त्यांनाही आजच कळत होतं.

सेनाखने हाड खाली ठेवलं, बोटं पुसली.

"दोन्ही मुलं मला चांगली वाटतात," तो म्हणाला. "कुठलाही द्या. एक गोष्ट मी जेवण झाल्यावर सांगणार होतो, पण हे जेवण काही संपेल असं दिसत नाही. ओलीस मुलगा आमच्या महाराजांच्या शेजारी पंगतीला बसतो. पुढे त्याचा बाप गेला, की तो घरी परत येतो. एकटा येत नाही. मागून महाराजांचे तीनशे भाले येतात, त्याला बापाच्या जागी बसवायला. गेल्या खेपेला पुतण्या होता म्हणून तो प्रश्न आला नव्हता."

मग त्याने दुसरं हाड घेतलं.

बाहेर कुणीतरी गाईला शिव्या देत होतं.

"छाती म्हणजे," डेर्वल म्हणाली, "तसं काही फार नाही. लहानपणी होतं. आता दोन वर्षं झाली, साधा ठसका नाही."

"तोतरी तर लहानपणी सगळीच मुलं असतात," लासर म्हणाली.

"कोलगू पहाटे उठतो."

"एरनानसारखा खरं बोलणारा मुलगा मी बघितला नाही."

"मी सांगत होतो," एरनान म्हणाला.

दाराशी बसलेला ब्रेसल उठला. आपला प्याला त्याने नीट उपडा घातला आणि बाहेर निघून गेला. फेरादाखने त्याला जाताना पाहिलं. "उद्या सकाळी गढीपुढच्या मैदानात सांगतो," तो म्हणाला आणि उठला. राजा उठला की सगळ्यांनी उठायचं असतं. सेनाख तेवढा हाडासकट उठला.

*

ब्रेसल लोहारशाळेच्या मागे, मातीच्या तटाला टेकून उभा होता. फेरादाख त्याच्या शेजारी जाऊन टेकला. आत लोहार काम करत होता. नांगराचे फाळ करतोय असं सांगायचं ठरलं होतं, पण फाळ इतके अरुंद आणि टोकदार नसतात, हे कुठल्याही शेतकऱ्याला कळलं असतं.

"मजा वाटली का तुला?" फेरादाखने विचारलं.

"दादा, माझा ओलीस गेला तेव्हा तू मला काय म्हणाला होतास?"

"आठवत नाही."

"म्हणालास, चांगल्या घरी आहे, खाऊनपिऊन सुखी आहे. तेव्हा जिवंत होता. मेल्यावर काहीच म्हणाला नाहीस. बंड करू, एवढंच म्हणालास. मला ते पुरलं."

बंड ठरलं होतं ते या दोघांत आणि डेर्वलच्या भावात, तळ्यांच्या राजा फैलानमध्ये. उन्हाळ्यात गाई डोंगरावर चढल्या, की इल्लानचा कर बंद करायचा आणि तो वसुलीला निघायच्या आत त्याच्यावर तुटून पडायचं. तोवर इल्लान निर्धास्त राहायला हवा होता. माणसाला निर्धास्त ठेवायचं तर त्याच्या हातात काहीतरी द्यावं लागतं. आणि बंड झालं की हातातल्या ओलिसाचं काय करतात, हे शास्त्रातही आहे आणि शास्त्राशिवायही सगळ्यांना माहीत आहे.

"एरनान जाईल," फेरादाख म्हणाला.

"का?"

"कोलगू फैलानचा भाचा. भाच्याला मारायला दिला तर फैलान माझ्या बाजूने उभा राहील का?"

"म्हणजे हिशोब झाला."

"हिशोब नको तर काय करू? सांग. मला दोघंही सारखेच अनोळखी आहेत. परवा एरनान पाठमोरा उभा होता, मी त्याला कोलगू म्हणून हाक मारली. त्याने ओ पण दिली."

फेरादाखला चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. त्या वर्षी त्याने चुलत घराण्याला या टेकडीवरून हाकलून लावलं, इल्लानचेच भाले उसने आणून. त्याच्या आधी त्यांच्या घरात कुणी राजा झालं नव्हतं. आजोबा दुसऱ्याच्या गाई राखत. राजा झाल्यावर पहिलं काम त्याने केलं ते भाट ठेवण्याचं. भाटाने वंशावळ रचली. ती जुन्या काळातल्या तीन शूर वीरांपासून सुरू होई आणि फेरादाखशी येऊन थांबे. पुढे 'फेरादाखचे वंशज' असे शब्द होते आणि मग भाट घसा साफ करी, कारण पुढचं अजून घडायचं होतं.

"एकटा कोलगू राहील," ब्रेसल म्हणाला.

"एक पुरतो."

"मला पण एकच होता," ब्रेसल म्हणाला. "पुरला नाही."

*

फेरादाखने डेर्वलला तिच्या घरी जाऊन सांगितलं. ती माग लावून बसली होती. त्याचं बोलणं संपेपर्यंत तिने धागा सोडला नाही.

"म्हणजे गाईवाल्याचा नातू राजा होणार," ती म्हणाली, "आणि माझा मुलगा त्याच्या घोड्याचा लगाम धरणार. माझ्या बापाने तुम्हाला साठ गाई दिल्या त्या यासाठी."

"कोलगूच राजा होईल. तू थांब जरा."

"कसा होईल? तीनशे भाले घेऊन एरनान परत आल्यावर?"

"मी सांगतो ना, होईल."

"तेच विचारतेय. कसा?"

फेरादाखने खाली वाकून कुत्र्याचा कान खाजवायला सुरुवात केली. डेर्वल बघत राहिली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. हा माणूस खोटं बोलताना सरळ डोळ्यांत बघतो, आणि खरं लपवायचं असलं की त्याला कुत्रा लागतो, हे तिला माहीत होतं. एरनान परत आला नाही तर कोलगू राजा. एरनान का परत येणार नाही? मग तिला लोहाराचे फाळ आठवले. कोठारात भरलेलं मीठ आठवलं, तीन घराण्यांच्या फौजांना पुरेल इतकं. आणि मागच्या महिन्यात तिचा भाऊ काही कारण नसताना येऊन गेला, आणि जाताना तिची नजर टाळली.

"फैलान पण आहे यात," ती म्हणाली.

फेरादाखने कुत्र्याचा दुसरा कान घेतला.

"ब्रेसल तर असणारच," ती म्हणाली. "म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. मला आणि लासरला सोडून."

"तुझा मुलगा जगतोय," फेरादाख म्हणाला. "तुला आणखी काय हवंय?"

तिने धागा पुन्हा ओढला. तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण उलटा विणलाय. तिने तेवढं उसवलं. उसवताना तिच्या डोळ्यांपुढे ब्रेसलची बायको सामथन येत होती. मेणबत्ती आल्या दिवसापासून सामथन भिंतीकडे तोंड करून बसायची आणि लोकर विंचरायची. लोकर विंचरून संपली की तीच पुन्हा घ्यायची. कुणी बोलायला गेलं तर म्हणायची, "बसा ना." आणि मग विंचरायची.

*

डेर्वल दारात उभी राहिलेली लासरने पाहिली तेव्हा तिच्या हातात एरनानचा नवा अंगरखा होता. राजाने तिलाही सांगितलं होतं. ती दुपारपासून हसू दाबत होती आणि आता दाबून दाबून तिचे गाल दुखत होते.

डेर्वल या घरात कधी आली नव्हती. लासर लग्न होऊन आली तेव्हा कायद्याने थोरलीला पहिले काही दिवस धाकटीला मारण्याचा हक्क होता, आणि धाकटीला फक्त केस ओढायचा. डेर्वलने तो हक्क अंगणातच वापरला होता. उंबरा ओलांडला नव्हता.

"या बाई," लासर म्हणाली. "बसा. ताक देऊ? लोणी आहे ताजं."

"नको." डेर्वल बसली. अंगरख्याकडे बघत राहिली. "काठ छान आहे."

"महाराजांच्या पंगतीत बसायचं म्हटल्यावर."

"त्याला पाठवू नकोस."

लासरचे गाल दुखायचे थांबले. "आता बाई, याला काय म्हणायचं? सकाळी तुम्हाला कोलगूला पाठवायचं नव्हतं. मग पाठवायचं होतं. आता माझाही जायला नको. मग कोणी जावं? कुत्र्याने?"

"उन्हाळ्यात हे लोक इल्लानविरुद्ध उठणार आहेत. राजे, ब्रेसल, आणि माझा भाऊ. एरनान तिथे असेल."

लासरने अंगरखा घडी घातला. बाही बाहेर राहिली म्हणून पुन्हा घातला. बाही पुन्हा बाहेर राहिली.

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. त्यांनी कुत्र्याचे दोन्ही कान खाजवले."

लासरने मान हलवली. तिलाही तो कुत्रा माहीत होता. ती खाली बसली, डेर्वलच्या शेजारीच, कारण दुसरी जागा नव्हती.

"तुम्ही मला का सांगितलंत?" तिने विचारलं. "गप्प बसला असतात तर तुमचा कोलगू राजा होता."

"मी तुझ्या जागी असते तर तू सांगितलं असतंस?"

"नाही."

"मग विचारू नकोस." डेर्वलने अंगरख्याची बाही आत दुमडली. "मी हिवाळ्यापासून सामथनला बघतेय. तू समोरच्या घरात तशी बसलेली मला रोज दिसशील. आणि मला माहीत असेल."

आपल्याला रडू येईल असं लासरला वाटलं होतं, पण रडू आलं नाही. डोकं तेवढं भराभर चालू लागलं. गाईवाल्याच्या घरी असंच असतं. लांडगा आला की आधी गाई मोजायच्या, रडायचं ते नंतर.

"नाही पाठवत म्हटलं तर?"

"तर इल्लान आत्ताच येईल. सेनाख कशाला बसलाय इतके दिवस? डुकरासाठी?"

"कोलगूला पाठवलं तर?"

"तर भाऊ मागे हटेल कदाचित. कदाचित नाही. मला भावाची खात्री नाही. तो इथे आला आणि मला काही बोलला नाही."

"एक गेला तर राजांचा एक उरतो," लासर म्हणाली. "एक उरतोय म्हणूनच हे धाडस आहे. दोन वासरं असली की माणूस एक विकतो." तिने अंगरखा बाजूला ठेवला. "दोघांना पाठवू."

डेर्वलने तिच्याकडे पाहिलं.

"दोघं तिकडे गेले, तर बंड केल्यावर यांच्या हातात काय उरतं?" लासर म्हणाली. "एक मुलूख आणि एक म्हातारा भाट. फेरादाखचे वंशज कुठून आणणार?"

"आणि तरीही उठले तर? दोघंही जातील."

"उठतील का? तुम्ही जास्त वर्षं ओळखता."

डेर्वलने खरंच विचार केला. "मुलांवर जीव आहे का त्यांचा, मला सांगता येत नाही," ती म्हणाली. "तुझ्यामाझ्यावर नाही, ते माहीत आहे. पण नावावर आहे. आजारी पडले होते तेव्हा औषध घेत नव्हते, भाटाला बोलावून वंशावळ म्हणवून घेतली आणि घाम फुटला. ताप उतरला."

"मग झालं."

"तिसरी बायको करतील. नवे मुलगे होतील."

"ती आली की पहिले काही दिवस आपण दोघी मारू," लासर म्हणाली. "तुमचा हात लागतो. माझ्या लक्षात आहे."

डेर्वल हसली नाही, पण म्हणाली, "लोणी दे थोडं."

*

सकाळी मैदानात सगळा मुलूख जमला होता. ब्रेसल भावाच्या उजव्या हाताला उभा होता, वारसाच्या नाही पण भावाच्या जागी, आणि त्याला रात्रभर झोप लागली नव्हती. त्याला एवढंच हवं होतं, की हे एकदाचं व्हावं, उन्हाळा यावा.

फेरादाख उभा राहिला. "इल्लान महाराजांना मी माझा मुलगा..."

"राजे जरा संकोचतात," लासर म्हणाली. तिचा आवाज गुरं हाकण्यात तयार झालेला होता. तो मैदानाच्या टोकापर्यंत गेला. "म्हणून मी सांगते. राजांची इल्लान महाराजांवर इतकी निष्ठा आहे, की एकच मुलगा द्यायला त्यांना लाज वाटते. काल रात्री आम्हा दोघींना त्यांनी तसं बोलून दाखवलं."

"हो," डेर्वल म्हणाली आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. ब्रेसलने या दोन बायकांना शेजारी शेजारी उभं कधी पाहिलं नव्हतं. डेर्वल पुढे म्हणाली, "कोलगू आणि एरनान दोघंही जातील. पुढे कोणाला बापाच्या जागी बसवायचं ते महाराजांनी ठरवावं. आम्हा दोघींचं काही म्हणणं नाही."

लोकांत कुजबूज झाली आणि मग एक मोठा समाधानाचा आवाज उठला. दोन मुलं देणारा राजा त्यांनी ऐकलाही नव्हता. सेनाख उभा राहिला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच कुणी न सांगता उभा राहिला होता.

"राजा," तो म्हणाला, "हे मी महाराजांना शब्दशः सांगेन. तुम्ही हेच बोललात ना?"

सगळे फेरादाखकडे बघत होते. एवढ्या लोकांपुढे 'नाही, एकच घ्या' म्हणायला एक कारण लागतं, आणि ते कारण लोहारशाळेत होतं. त्याने डेर्वलकडे पाहिलं, मग लासरकडे. खाली कुत्रा नव्हता.

"हो," फेरादाख म्हणाला. "हेच."

मुलं दुपारी निघाली. एरनानचा अंगरखा त्याला थोडा मोठा होत होता. कोलगूने निघताना आईला विचारलं, "मी खरंच झोपेत बोलतो का?" ती म्हणाली, "नाही." मग म्हणाली, "भावाजवळ झोपत जा." दोघांचे घोडे नदीच्या उताराला लागेपर्यंत बायका तटावर उभ्या होत्या.

ब्रेसल डेर्वलजवळ आला. "वहिनी, माझ्या कोनलाचं काय?"

तिने त्याच्याकडे तोंड फिरवलं. तिचे डोळे कोरडे आणि सुजलेले होते. "भावोजी, कोनलाचं मला आता काही करता येणार नाही."

"दादा आता हात उचलायचा नाही."

"नाही."

"आणि फैलानला काय सांगायचं?"

"सांग, बहिणीने सांगितलंय, थांब. म्हणावं, फेरादाख येणार नाहीये, आणि तो नसताना तू पुरा पडणार नाहीस. निरोप घेऊन तूच जा. दुसऱ्याचं तो ऐकायचा नाही."

ब्रेसल दुसऱ्या दिवशी निघाला. जाण्याआधी तो घरी सामथनजवळ बसला. ती लोकर विंचरत होती. "येतो," तो म्हणाला. ती म्हणाली, "बसा ना."

निरोप त्याने फैलानला पोचवला, शब्द न बदलता. फैलानने उलटा निरोप पाठवला: तुझ्या नवऱ्याशिवाय आम्ही पुष्कळ आहोत. तो निरोप एका गुराख्याने आणला. ब्रेसल तिकडेच राहिला.

*

उन्हाळ्यात गाई डोंगरावर चढल्या आणि तळ्यांचा मुलूख उठला. फेरादाख गढीत बसून राहिला. त्या दिवसांत तो जेवायचा कमी आणि वंशावळही ऐकायचा नाही. एकदा डेर्वलने त्याला तटावर एकटाच तळ्यांच्या दिशेला बघत उभा असलेला पाहिला. ती वर गेली नाही. त्यालाही भाऊ होता आणि तिलाही, आणि दोघांचे भाऊ एकाच बाजूला होते.

लढाई एका दिवसात संपली. फैलान पाण्याच्या काठाशी पडला. ब्रेसल त्याच्याजवळच पडला, असं सांगतात. सामथनला फेरादाख स्वतः सांगायला गेला. ती त्याला बसा म्हणाली नाही. फणी खाली ठेवून तिने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं, आणि तोच थोड्या वेळाने उठून आला. ती शरद ऋतूत बायकांच्या मठात निघून गेली.

इल्लान खूश झाला. आजूबाजूचे सगळे मांडलिक डळमळले, एक फेरादाख हलला नाही. दोन्ही मुलांना मोकळं केलं जाईल, असा निरोप आला. पुढे तसं झालंही, आणि कोलगूनंतर एरनान, एरनाननंतर कोलगूचे मुलगे असे त्या टेकडीवर बसत गेले. आज जो तो आपल्याला फेरादाखचा वंशज म्हणवतो. भाटांनी फेरादाखला 'स्थिरचित्त' हे बिरुद दिलं. ज्याने तलवार न उपसता राज्य दुप्पट केलं तो, असा त्याचा अर्थ सांगतात, आणि लहान मुलांकडून पाठ करून घेतात. लढाईच्या दिवशी तो काय करत होता याचं एक कडवं आहे. त्यात तो प्रार्थना करत असतो.

निरोपाबरोबर बक्षीसही आलं. सेनाखच घेऊन आला. फैलानच्या कळपातल्या निम्म्या गाई.

त्या दारातून आत आल्या तेव्हा डेर्वल अंगणात होती. तांबड्या कानांच्या पांढऱ्या गाई. असा वाण तळ्यांकडेच होतो. एकीचं डावं शिंग खाली वळलेलं होतं. त्या गाईच्या आजीचं शिंगही तसंच होतं, त्या आजीचं दूध डेर्वल प्यायली होती. शिपायांनी चालताना अडचण नको म्हणून वासरं मागेच सोडली होती. आता गाईंच्या कासा दगडासारख्या झाल्या होत्या आणि त्या तोंडं वर करून हंबरत होत्या. गढीतल्या बायका चरव्या घेऊन पुढे झाल्या, पण एकही गाय पान्हा सोडेना. लाथा मारून चरव्या उलथवत होत्या.

"वासरं नाहीत तर कसं व्हायचं," एक बाई म्हणाली. "कासा फुटतील बिचाऱ्यांच्या."

सेनाख फेरादाखला संख्या सांगत होता. फेरादाख गाईंकडे बघत नव्हता.

डेर्वल पुढे गेली. राजाची लेक, राजाची बायको. गोठ्यात तिने कधी पाय ठेवलेला कुणी पाहिला नव्हता. ती वळल्या शिंगाच्या गाईजवळ उभी राहिली, तिच्या मानेवर हात ठेवला आणि तोंडातल्या तोंडात एक हाळी दिली. दोन आवाज, एक लांब आणि एक आखूड. आमच्या बाजूला अशी हाळी कुणी देत नाही. गाय थांबली. तिने कान फिरवले. डेर्वलने पुन्हा तीच हाळी दिली, आता जरा मोठ्याने, आणि एकेक करून बाकीच्या गाईंचं हंबरणं खाली आलं.

लासर चरवी घेऊन आली. काही न बोलता उकिडवी बसली, गाईच्या पोटाला डोकं टेकलं आणि आचळाला हात लावला. धार आली. चरवीच्या तळाशी ती वाजली, मग आवाज बदलत गेला.

"थांबू नका बाई," लासर खालून म्हणाली. "म्हणत राहा. पान्हा चोरेल."

डेर्वल म्हणत राहिली. तिचा आवाज मध्येच फाटला, तिने तो सावरला आणि पुढच्या गाईकडे गेली.

"काय सांगताय त्यांना?" लासरने विचारलं.

"काही नाही," डेर्वल म्हणाली. "संध्याकाळ झाली, घरी चला म्हणून तिकडे सांगतात."